पाच मित्र, एक गाडी आणि आठ तासांचा उजेड

प्रश्न : आम्ही पाच जण, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरचे रूममेट. चाळिशीचं निमित्त साधून २० डिसेंबर ते ६ जानेवारी युरोप गाडीने करायचं ठरवलंय. रूट असा : फ्रँकफर्ट, अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन आणि परत फ्रँकफर्ट. सेव्हन सीटर घेणार आहोत. मनाली-लेह आम्ही स्वतः चालवत केलंय, त्यामुळे बर्फाची भीती नाही. एक मित्र तीन वर्षांपासून श्टुटगार्टला असतो, बरंचसं ड्रायव्हिंग तोच करेल. एक जण गाडी चालवतच नाही, आणि त्याचं म्हणणं, इन्शुरन्स आणि डिपॉझिटमध्ये मी का भरू? एक शुद्ध शाकाहारी. ग्रुपवर रोज शंभर मेसेज पडतात, निर्णय शून्य. रूट बघून सांगा. आणि मैत्री शाबूत ठेवून परत यायचा काही उपाय असेल तर तोही सांगा.
— एक नाशिककर

उत्तर :

नाशिककर, तुमचा रूट नकाशावर ओढून बघितला. बेरीज चार हजार किलोमीटरच्या आसपास जाते. जूनमध्ये हाच रूट दाखवला असतात तर थोडी कुरकुर करून मी ‘जा’ म्हटलं असतं. तिकडे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, रस्ते उत्तम, दिवसाला पाचशे किलोमीटर हसतखेळत होतात. पण तुम्ही निघालात नेमके वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या तोंडावर. त्या आठवड्यात अ‍ॅमस्टरडॅमला सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो. बर्लिनला तर चार वाजायच्या आतच मावळतो. आपल्याकडे सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळजवळ अकरा तासांचा असतो, त्यामुळे हा हिशेब आपल्या डोक्यात येतच नाही.

तुमचा अ‍ॅमस्टरडॅम ते पॅरिसचाच दिवस घ्या. पाच जणांच्या आंघोळी, नाश्ता, बॅगा डिकीत बसवण्याची खटपट. साडेनऊच्या आत तुम्ही निघत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. अंतर पाचशेच्या थोडं वर. पाऊस, अँटवर्पच्या रिंग रोडवरची रांग, दोनदा कॉफी, एकदा जेवण, पॅरिसच्या वेशीवरची कोंडी. पाच वाजता हॉटेलवर पोचाल तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. दिवसभरात पाहिलं काय, तर पुढच्या ट्रकचा मागचा पत्रा. असे आठ दिवस तुम्ही अठरा दिवसांच्या सहलीत घातलेत. हिवाळ्यात आधी उजेडाचं बजेट मांडायचं, युरोचं नंतर. माझा नियम साधा आहे : एका वेळी तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, आणि गाडी हलवली की दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी.

म्हणून अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, बर्लिन, प्राग ही सगळी गाळा. ही शहरं ट्रेनने आणि पायी बघायची, तिथे गाडी म्हणजे पार्किंगचा खर्च आणि डोक्याला ताप. गाडीची खरी मजा डोंगरात, गावागावांत. त्यामुळे विमान म्युनिकला उतरवा आणि एक गोल फेरी करा. गाडी घेतली तिथेच परत करायची असली की दुसऱ्या शहरात सोडण्याचे जादा पैसेही लागत नाहीत.

२० आणि २१ डिसेंबर म्युनिक, गाडीशिवाय. मरीनप्लाट्झवरचा ख्रिसमस बाजार २४ तारखेच्या दुपारी बंद होतो, तो आधी बघून घ्या. पुष्कळ लोक ख्रिसमसनंतर जर्मनीत जातात आणि ‘बाजार कुठे गेले?’ म्हणून विचारत फिरतात. न्युर्नबर्गचा प्रसिद्ध बाजारसुद्धा २४ लाच आटपतो. २२ ला सकाळी उजेडात गाडी ताब्यात घ्या आणि साल्झबुर्ग गाठा, जेमतेम दीडशे किलोमीटर. तिथे चार रात्री. साल्झबुर्गचा बाजार नाताळानंतरही चालतो, पंचाहत्तर किलोमीटरवर हालस्टाट आहे, सीमेपलीकडे बेर्ख्तेसगाडन आणि कोनिग्झे तलाव. २६ ला व्हिएन्ना, तीनशे किलोमीटर सरळ मोटरवे, तीन रात्री. २९ ला ल्युब्लियाना, तीनशे ऐंशी किलोमीटर. हा तुमचा सगळ्यात लांबचा दिवस, माझा नियम मोडणारा, म्हणून त्या दिवशी सकाळी आठला सुटा आणि दोघांनी वाटून चालवा. ल्युब्लियानात तीन रात्री, नववर्ष तिथेच. ब्लेड तलाव तिथून तासाभरावर.

१ जानेवारीला व्हेनिस. वाटेत पोस्तोयनाची गुहा लागते. बाहेर कितीही गारठा असो, आत बारा महिने दहा अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि १८७२ पासून माणसांना आत नेणारी छोटी रेल्वे आहे. त्या मोसमात जॅकेट उघडून फिरता येईल अशी जागा विरळा. मुक्काम व्हेनिसला नको, पलीकडे मेस्त्रेला दोन रात्री. गाडी तिथे ठेवून ट्रेनने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस. ३ ला बोल्झानो, दोन रात्री. तिथला बाजार ६ जानेवारीपर्यंत असतो, गावातूनच रेनोनला जाणारा रोपवे आहे, म्हणजे गाडीला हातही न लावता डोलोमाइट्सचे सुळके दिसतात. संध्याकाळी थंडी वाजली तर म्युझियममध्ये ओत्झीला भेटा. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस तिथे काचेआड आहे. आल्पे दी सिउसीच्या पठारावर जायचं असेल तर खालून रोपवेने जा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच खाजगी गाड्यांना वर सोडत नाहीत. ५ ला ब्रेनरच्या घाटावरून म्युनिक, ६ ला विमान.

सगळं मिळून सोळाशे किलोमीटरच्या आसपास. स्वित्झर्लंड सुटलं म्हणून ग्रुपवर कुणीतरी रुसेल, मला कल्पना आहे. त्याला सांगा, इंटरलाकेनला गेलं तरी गाडी खालीच ठेवावी लागते. वेंगेन, म्युरेन, झरमाट या गावांत आपली गाडी जातच नाही. आणि फुर्का, ग्रिम्झेल, गोटहार्डचा घाट ही जी गाडीवाल्यांची स्वप्नं आहेत, ती डिसेंबरात बर्फाने बंद असतात. गोटहार्डचा सतरा किलोमीटरचा बोगदा चालू असतो, पण बोगद्यातून काय दिसणार? स्वित्झर्लंड उन्हाळ्यासाठी राखून ठेवा.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ. बर्फाची नव्हे, श्टुटगार्टच्या मित्राची.

त्याला आजच फोन करा आणि विचारा : तुझ्याकडे जर्मन लायसन्स आहे का? जर्मनीत राहायला गेल्यावर भारतीय लायसन्स फक्त सहा महिने चालतं. त्यानंतर तिथे पुन्हा लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, भारतीय लायसन्सवर सूट नाही. तो तीन वर्षांपासून तिथे आहे. त्याने परीक्षा दिली नसेल आणि नाशिकच्या लायसन्सवर स्टिअरिंग धरलं, तर कायद्याने तो विनापरवाना चालवतोय, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. गंमत अशी की इथून पाहुणे म्हणून जाणारे तुम्ही तिथे गाडी चालवू शकता, आणि तिथे राहणारा तो कदाचित नाही. इंजिनिअर मंडळी ट्राम आणि ट्रेनवर निभावतात, लायसन्सचं राहून जातं, हे तिकडे सर्रास आहे. त्याने परीक्षा दिलेली असेल तर उत्तमच; मग तोच मुख्य ड्रायव्हर, त्याच्याच क्रेडिट कार्डवर गाडी.

तुम्हा बाकीच्यांना आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा आहे. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी हजार रुपये, मुदत वर्षाची. मूळ लायसन्सही सोबत लागतं. नुसता आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ लायसन्सचं भाषांतर, एकटा तो चालत नाही. ऑस्ट्रिया आणि इटलीत तो मागतात, त्यामुळे ‘कोण विचारतंय’ म्हणून टाळू नका. जे जे चालवणार त्या सगळ्यांची नावं गाडीच्या करारात घाला. नाव नसलेल्याने दहा मिनिटं जरी चालवली आणि त्यातच काही झालं, तर सगळं तुमच्या खिशातून.

गाडी. पाच जणांना सेव्हन सीटर बरोबर निवडलीत, मागची रांग पाडली की बॅगा बसतात. ऑटोमॅटिक हवी तर आत्ताच बुक करा. तिकडे मॅन्युअल गाड्या भरपूर, ऑटोमॅटिक मोजक्या आणि महाग. माझं मत विचाराल तर ऑटोमॅटिकच घ्या. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा, वर निसरडं. त्यात उजव्या हाताने गिअर शोधायची कसरत कशाला? बुकिंग करताना ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली ही तिन्ही नावं सांगून परवानगी लेखी घ्या, काही महागड्या ब्रँडच्या गाड्या या देशांत नेऊ देत नाहीत. डिपॉझिट मुख्य ड्रायव्हरच्या नावाच्या क्रेडिट कार्डवरच अडकवतात. डेबिट कार्ड काउंटरवर नाकारलं गेलं आणि अख्खा ग्रुप बॅगांवर बसून राहिला, हे दृश्य मी पाहिलंय. विम्यात तुमच्या वाट्याची रक्कम शून्य करणारा पर्याय घ्या, आणि टायर, काच, गाडीचं पोट त्यात धरलंय का तेही विचारा. हिवाळ्यात नेमकं तेच फुटतं.

टायरचं नीट ऐका. जर्मनीत बर्फ, निसरडं असताना हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर तीन शिखरांच्या आत हिमकण असं चिन्ह असलंच पाहिजे. नुसतं ‘एम अधिक एस’ (M+S) हे जुनं चिन्ह आता चालत नाही. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, स्लोव्हेनियात १५ नोव्हेंबर ते १५ मार्च असे नियम आहेत. म्युनिकहून गाडी घेताना हे टायर मिळतातच, कधी त्याचे वेगळे पैसे लावतात. तरी ताब्यात घेताना वाकून चिन्ह बघा. साखळ्याही मागून घ्या, आणि साल्झबुर्गला पोचल्यावर एकदा दुपारी पार्किंगमध्ये चढवून बघा. निळ्या गोल पाटीवर साखळी काढलेल्या टायरचं चित्र दिसलं तर तिथून पुढे साखळी सक्तीची, मग रात्री आठ वाजता बोटं बधिर झालेली असताना सूचनापत्रक वाचायची वेळ येऊ नये.

आता तुमची मनाली-लेह. केलंत, कौतुक आहे. पण तो रस्ता हिवाळ्यात बंदच असतो, त्यामुळे तुम्ही तो उन्हाळ्यातच केला असणार. बारालाच्याला कडेला बर्फाच्या भिंती पाहणं वेगळं आणि ताशी १०० च्या वेगात न दिसणाऱ्या बर्फावरून जाणं वेगळं. तिकडे खरी भीती पांढऱ्या बर्फाची नसते, तो तर दिसतो. रात्रभर पाऊस पडून पहाटे पारा शून्याखाली गेला की डांबरावर काचेसारखा थर बसतो आणि रस्ता फक्त ओला वाटतो. पुलावर तो आधी बसतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. झाडीतून जाणारा सावलीचा तुकडा, नदीकाठचं वळण, तिथेही तेच. बाहेरचं तापमान चार अंशांच्या खाली गेलं की बहुतेक गाड्या डॅशबोर्डवर हिमकण दाखवून ‘टिंग’ करतात. ते ऐकलं की गप्पा थांबवायच्या, पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुपटीने वाढवायचं, आणि ब्रेक, स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर सगळं हळुवार. एबीएस लागलं की पेडल पायाखाली थरथरतं. घाबरून पाय उचलू नका, दाबून ठेवा.

सकाळचा अर्धा तासही हिशेबात धरा. गाडी रात्री उघड्यावर असेल तर काचांवर खरखरीत पांढरा थर असतो. खरवडणी गाडीत असते, नसली तर पेट्रोल पंपावर दोन-तीन युरोला मिळते. एकाने पुढची काच, एकाने मागची, एकाने आरसे आणि दिवे. वायपर काचेला चिकटलेले असतात, ते आधी हाताने सोडवा, नाहीतर रबर फाटतं. गरम पाणी ओतायचा मोह कुणाला तरी होईलच, काच तडकते. फक्त ड्रायव्हरपुरतं भोक पाडून निघणं चालत नाही, छतावरचा बर्फही झाडावा लागतो. पुढे ब्रेक मारल्यावर तो आपल्याच काचेवर घसरतो आणि पोलीस दंडही करतात. इंजिन चालू ठेवून आत चहा प्यायला जाणं जर्मनीत नियमात बसत नाही. आणि पाच ओले कोट आत शिरले की काचा आतून धुकटतात. आपल्याकडे ‘थंडीत एसी कशाला’ म्हणून बंद करतात. उलट करा : हीटर गरम, एसी चालू, हवा आत फिरवायचं बटण बंद. मिनिटाभरात काच साफ. जाड जॅकेट मात्र काढून मगच बेल्ट लावा.

वाहतुकीच्या दोन सवयी आधीच लावून घ्या. जर्मनी-ऑस्ट्रियात मोटरवेवर गाड्या थबकू लागल्या की रुग्णवाहिकेसाठी मधे वाट मोकळी करतात : डावी लेन डावीकडे सरकते, बाकी सगळे उजवीकडे. सायरन ऐकू यायची वाट बघायची नाही, वेग कमी झाला की लगेच. दुसरी, गल्लीबोळात पाटी नसेल तर उजवीकडून येणारा आधी जातो, मग तो कितीही चिमुकल्या गल्लीतून येत असो. हायवेला लागलोय म्हणून आपलाच हक्क, ही आपली समजूत तिथे चालत नाही.

टोलचा गुंता असा. ऑस्ट्रियाच्या मोटरवेला विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, लागतं. तुम्ही २२ ला शिरता आणि २९ ला बाहेर पडता, म्हणजे दहा दिवसांचं एक पुरतं, बारा-तेरा युरोला मिळतं. ५ ला ब्रेनरवरून परत याल तेव्हा एक दिवसाचं वेगळं, आणि ब्रेनरच्या पट्ट्याचा टोल आणखी वेगळा. स्लोव्हेनियाचं आठवड्याचं ऑनलाइन, सुमारे सोळा युरो. दोन्ही गाडीच्या नंबरवर घेता येतात, त्यामुळे नंबर हातात आल्यावरच घ्या, आणि फक्त आसफिनाग व दार्स या सरकारी कंपन्यांच्या साइटवरून. शोधताना वर येणाऱ्या बऱ्याच साइट मधले दलाल असतात. इटलीत आपल्या एक्स्प्रेस-वेसारखं, तिकीट घ्यायचं आणि उतरताना भरायचं. ब्रेनरवरचा लुएग पूल जुना झाल्यामुळे २०२५ च्या सुरुवातीपासून तिथे बराच काळ एकच लेन चालते, गर्दीच्या दिवशी दोन सोडतात. म्हणून ५ ला बोल्झानोहून सकाळी सातलाच निघा. शनिवार तर शक्यतो टाळाच. स्कीच्या गावांतली भाड्याची घरं शनिवार ते शनिवार जातात आणि अर्धं जर्मनी त्या दिवशी त्याच रस्त्यावर असतं. कॅलेंडर पाहून एखादा मुक्काम दिवसाने पुढेमागे करा.

इटलीतल्या जुन्या गावांत लाल गोलाची झेडटीएलची, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागाची, पाटी दिसली की गाडी थांबवा. आत कॅमेरे असतात. जीपीएस खुशाल आत नेतो, तुम्हाला कळतही नाही, आणि तीन-चार महिन्यांनी गाडी कंपनी कार्डावर प्रक्रिया शुल्क कापते, दंडाचा कागद त्यानंतर येतो. पंपावर ‘गाझोलिओ’ म्हणजे डिझेल, ‘बेनझिना’ म्हणजे पेट्रोल. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचूनच नोझल उचला. व्हिएन्नात गाडी शहराच्या कडेच्या पार्क अँड राइडमध्ये टाका आणि निघेपर्यंत विसरा. २०२२ पासून जवळपास सगळ्या शहरात सोमवार ते शुक्रवार रस्त्यावर दोनच तास पार्किंग आहे.

आता पैसे आणि न चालवणारा मित्र. त्याचा युक्तिवाद कोर्टात टिकेल, मैत्रीत टिकणार नाही. गाडी पाचही जणांना नेते. उलट जे चालवतात ते दिवसाचे तीन तास डोळ्यांत तेल घालून बसतात, संध्याकाळी वाइन सोडतात, तेव्हा तो मागे झोपलेला असतो. भाडं, विमा, इंधन, टोल, पार्किंग : पाच समान भाग. डिपॉझिट अडकलं किंवा गाडीला ओरखडा गेला : पाच समान भाग, कुणीही चालवत असो. याला अपवाद दोनच, वेगाचा दंड आणि फोन हातात असताना केलेला उद्योग. तो ज्याचा त्याने भरायचा. हे निघण्यापूर्वी ग्रुपवर लिहून सगळ्यांचा होकार घ्या. खाणं, खरेदी, रोपवेची तिकिटं मात्र टीटीएमएम, कारण शाकाहाऱ्याने तुमच्या श्निट्झेलचे पैसे का भरावेत? आणि हिशेब विमानतळावर मिटवू नका. वर सांगितलेला दंड मागाहून येतो, म्हणून सामायिक खात्यात काहीशे युरो सहा महिने पडू द्या. ज्याच्या कार्डावर गाडी आहे, तो एकटा बिचारा एप्रिलमध्ये ‘अरे, बोल्झानोचा दंड आलाय’ म्हणून भीक मागत बसतो, आणि तोवर ग्रुप म्यूट झालेला असतो.

त्या न चालवणाऱ्या मित्राला खजिनदार करा, आणि चालवताना पुढच्या सीटवर तोच. त्याचं काम पाट्या वाचणं, पुढचं वळण सांगणं आणि ड्रायव्हरला जागं ठेवणं. मागे झोपायची परवानगी फक्त पुढच्या पाळीच्या ड्रायव्हरला.

बाजारात ग्लूवाइन, म्हणजे मसाल्याची गरम वाइन, हातात येते तेव्हा ती सरबतासारखी लागते आणि लोक दोन-दोन मग रिचवतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली, सगळीकडे चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा हजारी ०.५ ची आहे. तुम्ही शून्य धरा. ३१ च्या रात्री ल्युब्लियानात कोण पिणार नाही ते ३० लाच ठरवा, कारण १ तारखेला व्हेनिसपर्यंत त्यालाच चालवायचंय. चालवणारे चौघे आहात, श्टुटगार्टवाला बाद झाला तर तिघेच. त्यांनी दिवस वाटून घ्यावेत. म्हणजे रोज कुणीतरी बिनधास्त पिऊ शकतो आणि रोज कुणीतरी चिडलेलाही नसतो.

मुक्कामाला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, खोल्या दोनऐवजी तीन. घोरणाऱ्याची वेगळी. अठरा दिवस गाडीत खांद्याला खांदा लावून बसल्यावर रात्री एक दार बंद करता आलं पाहिजे. २४ ला दुपारनंतर ऑस्ट्रियातली दुकानं बंद होतात, २५ आणि २६ सुट्टी, त्याला जोडून रविवार आला तर सलग तीन दिवस. २३ लाच भाजी, ब्रेड, दूध, अंडी भरून ठेवा. अडचणीला मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात. शाकाहारी मित्राने थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला बिनधास्त न्यावा, पण साजूक तूप आणि पेढे बॅगेत नकोत : युरोपीय संघात बाहेरून दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला प्रवाशांना मनाई आहे. तिथे चांगलं बटर मिळतं, कढवा. फोडणी देताना मात्र खिडकी उघडा, स्मोक अलार्म त्यांच्याकडे फार हळवे असतात.

व्हिसा. नव्या रूटमध्ये सगळ्यात जास्त रात्री ऑस्ट्रियात आहेत, सात. शेंगेनचा नियम असा की जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज. विमान म्युनिकला उतरतंय म्हणून जर्मनीकडे जाऊ नका. तुम्ही चौघे एकाच देशाकडे, एकाच दिनक्रमाचे कागद घेऊन जा. एकाच्या कागदात प्राग आणि दुसऱ्याच्यात व्हेनिस असं नको. फी ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. विमा घेताना स्कीइंग आणि स्लेजिंग त्यात आहे का ते बघा, साध्या पॉलिसीत बहुधा नसतं, आणि चाळिशीतल्या गुडघ्यांसह तुम्ही स्लेजवर बसणारच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरसाठी सप्टेंबरात अपॉइंटमेंट घ्या, दिवाळीनंतर धावाधाव होते. हॉटेल आणि गाडीचं बुकिंग रद्द करता येईल असंच ठेवा, व्हिसा हातात पडेपर्यंत एकही न परतणारा रुपया भरू नका. युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलाय. पासपोर्ट कायम अंगावर ठेवा. शेंगेन असलं तरी जर्मनीत शिरताना हल्ली सीमेवर गाड्या थांबवून बघतात, आणि ५ ला ब्रेनरनंतर तुम्हाला तेच लागेल. श्टुटगार्टवाल्याने त्याचं रेसिडेन्स कार्ड विसरू नये.

ग्रुपवरच्या शंभर मेसेजना उपाय एकच सुचतो : हा रूट टाका, खाली ‘हो’ किंवा ‘मी येत नाही’ एवढे दोनच पर्याय द्या, मुदत रविवार रात्र. तिसरं मत ज्याला द्यायचंय त्याने बुकिंगही स्वतःच करावं, असं सांगितलंत की मतं आपोआप कमी होतात. मी सुचवलेल्यात बदल करायचाच असेल तर व्हेनिस काढा आणि त्या दोन रात्री बोल्झानोला द्या. तेव्हा ल्युब्लियाना ते बोल्झानो हे अंतर एका दिवसात जड जाईल, त्यातलीच एक रात्र वाटेत उदिनेला टाका. आणि श्टुटगार्टला फोन आधी करा, बाकी सगळं नंतर.